ट्रिगर आपोआप सुटतो, म्हणे

आत्मारामदादा,

परवा मंडळाच्या शोकसभेत तुझ्याबद्दल बोलायला सगळ्यांनी मलाच उभं केलं. साहजिक आहे. बहारीनमधल्या मराठी माणसांत कुणाचं बारसं असो की कुणाचा निरोप समारंभ, माइक शेवटी या इनासच्या हातात येतो, आणि एकदा आला की तो परत मिळवायला दोन माणसं लागतात, हे तूच सगळ्यांना सांगायचास. परवा मात्र मी माइक घेतला, 'दादा' एवढंच म्हणालो आणि परत देऊन टाकला. लोकांना वाटलं, गहिवरला बिचारा. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी डोळ्यांना पदरही लावला.

गहिवरलो नव्हतो रे. अडकलो होतो. वर्षभरापूर्वी मी तुझ्याशी एक खोटं बोललो होतो. ते कबूल केल्याशिवाय तुझ्याबद्दल खरं काही बोलता येईना, आणि सुनंदावहिनींसमोर, तुझ्या लेकीसमोर, मानसीसमोर ते कबूल करायची छाती होईना. म्हणून आता हे लिहितो आहे. इथे माइक काढून घ्यायला कुणी नाही, तेव्हा सावकाश सांगतो.

सुरुवात त्या तीन भोकांपासून करायला हवी.

झल्लाकच्या आमच्या हॉटेलातल्या साहेबांना एकदा वाटलं की, बँक्वेटच्या लोकांनी एकत्र काहीतरी खेळावं, म्हणजे त्यांच्यात एकजूट होईल. त्यांनी आम्हाला नेमबाजीच्या क्लबात नेलं. एकजूट काय व्हायची ती झाली. माझ्या हातात छर्ऱ्याचं पिस्तूल दिलं, दहा मीटरवर कागदाचं निशाण लावलं, आणि मी एक पाय पुढे टाकून, मान तिरकी करून, ऐतिहासिक नाटकातल्या सरदारासारखा उभा राहिलो. दहा छर्रे सोडले. कागद जवळ आला तर त्यावर सात भोकं. मी म्हटलं, उरलेले तीन छर्रे आधीच्याच भोकांतून गेले असणार. अशी कौशल्याची गोष्ट माझ्याकडून नकळत घडते.

तेवढ्यात शेजारच्या जागेवरून एक काळासावळा, बुटका, चष्म्याची दोरी गळ्यात घातलेला माणूस आपला कागद घेऊन माझ्याकडे आला. तू तो कागद माझ्या नाकासमोर धरलास आणि हिंदीत विचारलंस, "भाईसाब, दस गोली मारी मैंने. ये तेरा छेद किसके?" मी घाबरून मराठीत 'आई गं' म्हणालो. तुझा चेहरा लगेच बदलला. "मराठी काय? कुठले?" मी म्हटलं, वसई. तू म्हणालास, "मग ठीक आहे. संगमेश्वरचा माणूस वसईच्या माणसाला तीन छर्रे माफ करू शकतो. चौथा नाही."

पुढे बारा वर्षं आपण शेजारशेजारच्या जागांवर उभे राहिलो. चौथा छर्राही मी तुझ्या कागदावर मारला, पाचवाही मारला. तू माफ करत गेलास. ट्रिगरच्या बाबतीत मात्र तू मला कधी माफ केलं नाहीस, आणि मीही तुला.

आपला वाद तसा सोपा होता. माझं म्हणणं, पिस्तूल ज्या कारखान्यात बनलं तिथे आपल्यापेक्षा शहाणा माणूस बसलेला आहे, त्याने ट्रिगर जसा लावून दिला तसा राहू द्यावा. तुझं म्हणणं, "त्या माणसाने माझं बोट बघितलंय का?" तू आयुष्यभर पंप आणि एसीची मशिनं उघडली होतीस. फिटरचा फोरमन झालास तरी हातातला पाना सुटला नाही. कुठलीही वस्तू जशी मिळाली तशी वापरणं हा तुला त्या वस्तूचा अपमान वाटायचा. ट्रिगर किती लांब सरकतो, कुठे अडतो, किती दाबल्यावर सुटतो, हे सगळं तुझ्या बोटाच्या मापाचं झाल्याशिवाय तुला झोप यायची नाही.

क्लबातून पिस्तूल बाहेर न्यायचं म्हणजे सही-शिक्क्याची चिठ्ठी लागते. ती तू सुपरवायझर अबू खालिदकडून इतक्या वेळा घेतलीस की, शेवटी तो ती तुझं नाव घालून आधीच छापून ठेवायला लागला. हवेचा सिलिंडर क्लबात काढून ठेवायचा, नळी रिकामी आहे हे अबू खालिदला दाखवायचं, आणि पेटी माझ्या गाडीतून उम्म अल हस्समला तुझ्या घरी न्यायची. माझ्याच गाडीतून का, तर तुझ्या गाडीची डिकी नीट लागत नव्हती. दुनियेची मशिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या डिकीला दोरी बांधलेली असायची.

एकदा वाटेत पोलिसांनी सगळ्यांच्याच गाड्या थांबवल्या होत्या, आठवतं? पोलिसाने काच खाली करायला सांगितली, आणि त्याने काही विचारायच्या आत मी सांगायला सुरुवात केली. मागे पेटी आहे, पेटीत पिस्तूल आहे, पण ते खरं पिस्तूल नाही, म्हणजे खरं आहे पण छर्ऱ्याचं आहे, आम्ही सज्जन माणसं आहोत, मी हॉटेलात आहे, लग्नाचे हॉल सजवतो. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून असा दाबलास की माझा आवाज बंद झाला. मग चिठ्ठी पुढे केलीस. त्या पोराने ती वाचली, पेटी बघितली, परत दिली आणि तुला विचारलं की, हा माणूस नेहमी असाच असतो का. तू म्हणालास, "नेहमी." तो हसला. "यल्ला," चला, निघा. पुढच्या सिग्नलला तू चिठ्ठी घडी करून खिशात ठेवलीस. मग म्हणालास, "इनू, तुला कधी कुणी खरंच पकडलं ना, तर तू न केलेले गुन्हेपण सांगशील."

तुझ्या घरी शुक्रवारच्या दुपारी जेवणाचं टेबल म्हणजे तुझा कारखाना. वहिनींनी ताटं उचलली की तू त्यावर पांढरी चादर अंथरायचास, बारीक स्प्रिंग पडली तर दिसावी म्हणून. स्क्रू ठेवायला वहिनींचा जुना मसाल्याचा डबा. मोहरीच्या वाटीत पुढचे स्क्रू, हळदीच्या वाटीत मागचे, हिंगाच्या वाटीत पिना. म्हणून क्लबात तुझ्या पिस्तुलाला हिंगाचा वास यायचा, आणि माझ्यापलीकडच्या जागेवरचा एक फिलिपिनो मुलगा नेहमी विचारायचा, कुणी डबा आणलाय का. मानसी तेव्हा शाळेत होती. ती येताजाता तुझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "बाबा, इट्स अ स्क्रू, नॉट अ बेबी." तू मान वर न करता म्हणायचास, "बेबी रडते तरी. हा बोलतच नाही, म्हणून जास्त जपावं लागतं."

आणि ती स्प्रिंग उडाली तो दिवस. तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग तुझ्या चिमट्यातून सुटली आणि थेट देव्हाऱ्यात गेली. तू उठणार तेवढ्यात वहिनी आडव्या आल्या. तेलकट हात देवांना लावायचे नाहीत. तू म्हणालास, मग इनासला शोधू दे, त्याचे हात स्वच्छ आहेत. त्या म्हणाल्या, इनासभाऊंना आमच्या देवांची सवय नाही, ते घाबरतील. देव की मी, ते त्यांनी सांगितलं नाही. शेवटी त्या स्वतः एकेक मूर्ती उचलत गेल्या, मी बॅटरी धरली, आणि बाळकृष्णाच्या पायाशी स्प्रिंग सापडली. तू दोन्ही हात जोडलेस. कुणाला जोडलेस ते मला आजही माहीत नाही.

आता पोह्यांचं सांगतो. हे शोकसभेत सांगितलं असतं तर सभा उठली असती.

स्पर्धेचा नियम असा की, पिस्तूल उभं धरून ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन टांगायचं. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. सुटला तर ट्रिगर फार हलका, म्हणून नापास. तुला ट्रिगर नियमात बसेल इतपत पण केसभरही जास्त जड नको होता. घरी पाचशे ग्रॅमचं वजन नव्हतं. मी म्हटलं, क्लबातून मागून आणतो. तू म्हणालास, कशाला, घरात अर्ध्या किलोचं पोह्यांचं पाकीट आहे, कंपनीने मोजून भरलेलं. पाकिटाला सुतळी बांधलीस, ट्रिगरला अडकवलंस, आणि दोन दुपारी खपून, दोन पोलादी कडा जिथे एकमेकींना धरून बसतात तिथे घासून, पुसून, स्क्रू फिरवून असा ट्रिगर लावलास की पोहे अलगद उचलले जायचे आणि ट्रिगर जागचा हलायचा नाही. तुला इतका आनंद झाला की तू वहिनींना हाक मारून दाखवलंस.

स्पर्धेच्या सकाळी अबू खालिदने आपलं पितळी वजन टांगलं आणि ट्रिगर कट्कन सुटला. त्याने परत टांगलं. परत सुटला. तू म्हणालास, तुमच्या वजनात खोट आहे. अबू खालिदने दाढीवरून हात फिरवला. त्या वजनाने त्याने तीनशे पिस्तुलं तपासली होती. तू त्याला कंपनीची, मोजमापाची, नियमांची सगळी कहाणी ऐकवलीस, आणि मी तुझ्या मागे उभा राहून तिचं हिंदी भाषांतर करत होतो, जे तुझ्या हिंदीपेक्षा वाईट होतं. शेवटी स्पर्धेत तू क्लबच्या उधारीच्या पिस्तुलाने खेळलास आणि अकरावा आलास. रात्री घरी जेवताना वहिनींनी सहज सांगितलं की, त्या पाकिटातले दोन मुठी पोहे त्यांनी आधीच्या गुरुवारी काढून रबर लावून ठेवलं होतं. मानसीचा डबा.

मी हसून हसून खुर्चीवरून खाली बसलो. तू हसला नाहीस. आठवडाभर पोहे खाल्ले नाहीस.

दादा, इथपर्यंत सांगायला मजा येते. पुढचं सांगताना येत नाही.

दोन वर्षांपूर्वी तू कपबशीतून चहा घ्यायचा बंद केलास. स्टीलचा पेला आणि तोही अर्धाच. साखर कमी करतोय म्हणालास. मी विश्वास ठेवला, कारण मीही त्या वर्षी साखर कमी करत होतो आणि दर गुरुवारी सोडून देत होतो. मग गणपतीत तू आरतीचं तबक मानसीकडे दिलंस. मग क्लबात तू म्हणायला लागलास की, ट्रिगर आपोआप सुटतो. मी निशाणावर यायच्या आतच सुटतो. काहीतरी झिजलंय.

दर शुक्रवारी टेबलावर चादर. उघडलंस, पुसलंस, पुन्हा बसवलंस. पुढच्या शुक्रवारी क्लबात तेच. "सुटला बघ आपोआप." मी तुझ्याशी भांडलो नेहमीसारखा. कारखान्यातल्या माणसाने लावलेलं तू बिघडवलंस, आता भोग, असं म्हणालो. आणि भांडता भांडता एकदा माझं लक्ष पिस्तुलाऐवजी तुझ्या मनगटाकडे गेलं. पिस्तूल खाली ठेवल्यावरही ते हलत होतं. तू तो हात उचलून मांडीखाली घेतलास, थंडीत पोरं घेतात तसा.

पुढच्या आठवड्यात वहिनी मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. एरवी दारातूनच 'या परत' म्हणायच्या. लिफ्ट आली, गेली. मग म्हणाल्या, "इनासभाऊ, तुम्ही सांगा ना त्यांना. डॉक्टरकडे चला म्हटलं की माझ्यावर ओरडतात. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. तुमचं ऐकतात ते." मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. वचन द्यायला मला कधीच वेळ लागत नाही.

भाषण मी तयार केलं, दादा. माहूजच्या घरापासून झल्लाकच्या हॉटेलापर्यंत गाडीत रोज म्हणून बघायचो. सुरुवात विनोदाने, मग हळूच मुद्दा, मग खांद्यावर हात. चारशे पाहुण्यांसमोर मी नवऱ्यामुलाच्या बापाला गप्प बसवलेलं आहे. एका मित्राला 'तुझा हात कापतोय' एवढं सांगायचं होतं.

तो शुक्रवार तुझ्याही लक्षात असणार. तू पाच छर्रे सोडलेस, त्यातले तीन मधला काळा गोल सोडून बाहेरच्या पांढऱ्यात गेले. तू पिस्तूल ठेवलंस, खुर्चीवर बसलास, आणि अकरा वर्षांत कधी म्हणाला नव्हतास ते म्हणालास.

"इनू, तू बघ एकदा. मला सापडत नाही."

अकरा वर्षांत मला तू तुझ्या पिस्तुलाचा एक स्क्रू हलवू दिला नव्हतास. स्क्रू फिरवायची एलनकी माझ्या हातात दिलीस. माझं भाषण माझ्या घशात तयार होतं. तू जमिनीकडे बघत होतास. आणि मी काय केलं? मी मागचा स्क्रू पाव फेरा बाहेर फिरवला. मग पाव फेरा आत फिरवला. होता तिथे आणून ठेवला. आणि म्हणालो, "सापडलं."

तू वर बघितलंस. "कुठला?"

"मागचा. ढिला होता."

"किती फिरवलास?"

"पाव फेरा."

तू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलास. मी सरदारासारखा उभा होतो. मग तू उठलास, आणखी पाच छर्रे सोडलेस. दोन काळ्याच्या कडेला, तीन पांढऱ्यात. पहिल्यासारखेच. पण तू मान हलवलीस आणि म्हणालास, "झकास. आता नाही सुटत आपोआप. चल, चहा."

मी घरी गाणं म्हणत गेलो. रेजिनाला सगळं रंगवून सांगितलं. माझ्या बायकोला माझ्या गोष्टींची सवय आहे. तिने कांदा चिरता चिरता फक्त एवढंच विचारलं, "आणि डॉक्टर?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. आज त्याच्या चेहऱ्यावर किती समाधान होतं, ते कसं मोडू?

पुढचा आठवडा कधी आलाच नाही. तू महिनाभर क्लबात फिरकला नाहीस, गुडघ्याचं निमित्त सांगितलंस. मग आलास, सावकाश खेळायला लागलास, एका छर्ऱ्याला आधी लागायचा त्याच्या दुप्पट वेळ. पण ट्रिगरबद्दल तू पुन्हा एक शब्द काढला नाहीस. मला वाटलं, माझं नाटक लागू पडलं. मी खूश होतो आणि आतून मला स्वतःची लाज वाटत होती. रोज ठरवायचो की उद्या सांगू. वर्ष गेलं. मग त्या सकाळी मानसीचा फोन आला. ती कधी माझ्याशी मराठीत बोलत नाही. त्या सकाळी बोलली. "काका, बाबा उठत नाहीयेत." हृदय थांबलं होतं. हाताचा त्याच्याशी संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मी ते तीनतीनदा विचारून घेतलं.

आता वहिनी आणि मानसी पुढच्या महिन्यात गावी जातील. व्हिसा तुझ्या नोकरीवर होता. परवाच्या सभेनंतर वहिनींनी कपाटातून पिस्तुलाची पेटी काढून माझ्या हातात दिली. शेवटच्या खेपेला चिठ्ठी घेऊन तू ती पेटी घरी आणली होतीस आणि परत करायची राहून गेली होती. काल सकाळी मी ती क्लबात घेऊन गेलो.

अबू खालिद 'अल्ला यरहमा', अल्ला त्याच्यावर दया करो, असं म्हणाला, आपल्या खुर्चीवर मला बसवलं, कहवा दिला. मग कामाला लागला. नळी बघितली, छर्रा न भरता पिस्तूल ताणलं आणि ट्रिगर ओढला. थांबला. परत ओढला. "वायद हेवी," म्हणाला, म्हणजे फारच जड. त्याने पितळी वजन टांगलं. पाचशेवर ट्रिगर हललाही नाही. त्याने आणखी वजनं अडकवली. सहाशे, सातशे, आठशे. नऊशेवर कट् झालं.

मी म्हटलं, बिघडलाय. अबू खालिदने मान हलवली. तो आपल्या त्या जुन्या, गोड हिंदीत म्हणाला, "बिगडा नहीं. ये उसने खुद किया. हाथ हिलता था ना उसका. हल्का ट्रिगर हिलते हाथ में जल्दी छूटता है. भारी किया, तो नहीं छूटेगा."

त्याला माहीत होतं, दादा. त्याला माहीत होतं, तुला माहीत होतं. तू पिस्तूल घरी नेलंस, चादर अंथरलीस, हिंगाच्या वाटीत पिना ठेवल्यास आणि आपल्या कापणाऱ्या हातांनी, आपल्या कापणाऱ्या बोटाच्या मापाचा ट्रिगर लावलास. मला न सांगता. मी तिथे बसलो आणि एकच विचार डोक्यात फिरत राहिला. तुला कधी कळलं? माझ्या त्या पाव फेऱ्याच्या आधी की नंतर? आणि मी केलेल्या नाटकामुळे तुझे किती महिने डॉक्टरविना गेले?

तिथून थेट तुझ्या घरी गेलो. वहिनी खोकी बांधत होत्या. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. पाव फेरा बाहेर, पाव फेरा आत. लिफ्टपाशी दिलेलं वचन. भाषण. एकही विनोद न करता सांगितलं, यावर तुझा विश्वास बसणार नाही, पण वहिनी साक्षीला आहेत.

त्यांनी ऐकून घेतलं. मग त्या आत गेल्या आणि औषधांची एक पिशवी घेऊन आल्या. वर्षभराच्या गोळ्या, चिठ्ठ्या, न्यूरोच्या डॉक्टरांचे कागद. पहिल्या कागदावरची तारीख त्यांनी मला दाखवली. त्या शुक्रवारनंतरचा सोमवार.

"त्या शुक्रवारी क्लबातून आले," वहिनी म्हणाल्या, "चपला काढल्या आणि मला म्हणाले, डॉक्टरची अपॉइंटमेंट घे. मी म्हटलं, अचानक काय झालं? म्हणाले, इनू आज माझ्याशी भांडला नाही. ट्रिगर दाखवला आणि तो भांडला नाही. म्हणजे हात गेला, सुनंदा."

वहिनी हसल्या, तू गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाल्या, "मला बजावलं होतं, इनूला कळू देऊ नकोस. म्हणाले, त्याने प्रथमच एखादी गोष्ट थोडक्यात सांगितलीय, त्याला वाटू दे जमलं म्हणून."

तर असं आहे. मी वर्षभर समजत होतो की मी तुला सांभाळतोय, आणि तू वर्षभर दर शुक्रवारी माझ्या शेजारी उभा राहून मला सांभाळत होतास. काळ्याच्या कडेला छर्रे मारून 'झकास' म्हणत होतास. आपल्या दोघांत नट मी होतो, अशी माझी समजूत होती.

एक राहिलं. मी तुझ्याशी भांडलो नाही ती माझी चूक झाली, आणि ती आता दुरुस्त करतो. अबू खालिदने तुझा ट्रिगर पुन्हा पाचशेवर आणायला मला सांगितलंय. त्याआधी आज सकाळी मी तुझ्या पिस्तुलाने पाच छर्रे मारून बघितले. दादा, नऊशे ग्रॅम फार होतात. बोट दुखतं, नेम हलतो, एवढा जड ट्रिगर कुणी लावतं का? सातशेत तुझं काम झालं असतं. मी सांगतो, सातशे पुरे होते. तुझं काय म्हणणं आहे, बोल.